लता मंगेशकरांची सुरुवातीची वर्षं: मंगेशीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर अबोलीचे वळेसर आणि नारळ विकणाऱ्यांची रांग आहे, त्यात आमचं एक दुकान. ओटी घेता घेता लोक विचारतात, "लताबाईंचं घर कुठलं हो?" मी नाटकवेडा माणूस, त्यामुळे उत्तर एका वाक्यात संपत नाही. मागे शेजारच्या गावातल्या वाचनालयात याच विषयावर बोललो आणि तेव्हापासून फोनवरही प्रश्न येऊ लागले. तेच तेच किती वेळा टंकायचं, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं. लताबाईंच्या १९४९ नंतरच्या काळावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्याच्या अलीकडेच थांबतो.

१. लताबाईंचा जन्म मंगेशीचा ना?

नाही. २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्या इंदूरला जन्मल्या. बालपण सांगलीत आणि वडिलांच्या नाटक कंपनीच्या मागोमाग गावोगावच्या बिऱ्हाडांत गेलं. मंगेशी हे वडिलांचं जन्मगाव. दुकानात हे सांगितलं की काहींचे चेहरे पडतात, जणू मीच त्यांचं काही हिरावून घेतलं. एकेकाळी मीही "होय होय, इथलाच" म्हणून मोकळा होत असे. एकदा एका आजींनी तिथल्या तिथे तारखेसकट चूक दाखवली, तेव्हापासून ती सवय सुटली.

मंगेशीत १९२९ च्या सप्टेंबरात जन्मलेलं नाव हवंच असेल तर ते पंडित जितेंद्र अभिषेकींचं. ते लताबाईंपेक्षा बरोबर एका आठवड्याने मोठे, जन्म २१ सप्टेंबरचा.

२. मग आडनाव मंगेशकर कसं?

ते वडिलांनी गावावरून घेतलं. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा. त्यांचे वडील देवळात अभिषेक करणाऱ्या पुरोहित घराण्यातले आणि आई येसूबाई देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या, गाणाऱ्या. अशा घरातल्या मुलाला बापाचं आडनाव आपसूक मिळावं असा तो काळ नव्हता. दीनानाथांनी गावाचं नाव लावलं, आणि गावाचं नाव देवावरूनच पडलेलं. हा देवही इथला नव्हे. मूळ देऊळ कुठ्ठाळीला होतं. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या भीतीने लिंग नदीपार, त्यांच्या ताब्याबाहेरच्या मुलखात, प्रियोळला, म्हणजे इथे, आणलं. दुसरीकडून आलेल्या देवाचं नाव एका मुलाने लावलं आणि पुढे ते आडनाव जगभर गेलं. मला या गोष्टीची फार गंमत वाटते.

लताबाईंचं आजोळ खानदेशातलं, तापीकाठच्या थाळनेरचं, गुजराती घर. तिथे आजीकडून ऐकलेल्या गरब्यांची आठवण त्या सांगत. म्हणून "शंभर टक्के गोंयकार" म्हणणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

३. खरं नाव हेमा की लता?

जन्मनाव हेमा. पुढे वडिलांनी लता केलं. 'भावबंधन' नाटकात दीनानाथ लतिकेची भूमिका करत, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. पुरुषाने स्त्रीपार्ट करणं तेव्हा रोजचंच होतं, पण वडिलांनी रंगवलेल्या नायिकेचं नाव मुलीला मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

४. वडील एवढे नावाजलेले, तरी लहानपणी कामाला का लागावं लागलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि याचं उत्तर नीट कळलं तर पुढचे निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

मास्टर दीनानाथ किर्लोस्कर नाटक मंडळीत वाढले. १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली. (कोल्हापुरे नाव वाचून पद्मिनी कोल्हापुरे आठवल्या असतील तर बरोबर आहे, त्याच घराण्यातल्या त्या.) कंपनी जोरात चालली. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ मध्ये बळवंतनेच रंगमंचावर आणलं. त्यातलं 'शत जन्म शोधिताना' दीनानाथ गात. आमच्या भागातल्या हौशी गायकांची त्या पदावर अजून दमछाक होते.

त्याच वर्षी बोलपट आला. चार आण्यांत पडद्यावर गाणं ऐकायला मिळू लागल्यावर रात्रभराच्या नाटकाला कोण येणार? कंपनी म्हणजे चाळीसपन्नास माणसांची पंगत, पडद्यांच्या पेट्या, रेल्वेचं भाडं, गावोगावचं बिऱ्हाड, आणि खेळ होवो न होवो चूल पेटतीच. कंपनीने स्वतःच बोलपट काढायचं धाडस केलं. 'कृष्णार्जुन युद्ध' १९३४ मध्ये आला आणि त्यात हात पोळले. मंडळी बुडाली, प्रकृती ढासळली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय अवघं ४१.

प्रसिद्ध घराणं होतं, म्हणजे नाव होतं. घरात नाव असलं तरी वाण्याची उधारी नावावर चुकती होत नाही. थोरल्या मुलीने पडद्यावर जायचं कारण हे. त्या मिळवायला गेल्या, चमकायला नव्हे.

५. गाणं कुणाकडे शिकल्या?

आधी वडिलांकडे. वडिलांवर रामकृष्णबुवा वझ्यांचा संस्कार, आणि वझेबुवा मूळचे आमच्या शेजारच्या सावंतवाडीकडचे.

लताबाई स्वतः एक आठवण सांगत. वय पाचेक वर्षांचं. वडिलांनी एका शिष्याला रियाज करायला बसवलं आणि ते कामासाठी बाहेर गेले. खेळता खेळता हिच्या कानाला एक सूर खटकला. ही आत गेली, "असं नाही, असं" म्हणून गाऊन दाखवलं, आणि नेमके वडील दारात उभे. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवून हाती तंबोरा दिला आणि पुरिया धनाश्री सुरू केला. पुरिया धनाश्री संध्याकाळचा राग, तो पहाटे! पण पोरीचा कान सापडल्यावर वेळ कोण बघतो.

वडिलांनंतर, मुंबईला आल्यावर, भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांची तालीम मिळाली.

६. रंगमंचावर पहिलं काम कधी केलं?

'सौभद्रा'तला नारद, वय नऊच्या आसपास. कंपनी दौऱ्यावर, खेळ लागलेला आणि नारदाचं काम करणारा नट ऐनवेळी हजर नाही. दीनानाथ अर्जुन. मुलगी म्हणाली, मी करते. वडिलांना प्रश्न पडला की एवढासा नारद एवढ्या अर्जुनापुढे दिसणार कसा. शेवटी उभी केली, आणि 'पावना वामना या मना'ला वन्स मोअर मिळाला.

लोक यातला फक्त वन्स मोअर लक्षात ठेवतात. संगीत नाटकात पोरवयात उभं राहणं म्हणजे काय, ते मी थोडं भोगलं आहे. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मी नऊ वर्षांचा असताना रोहिदास केला. रंगपटात कंदिलाची धग, चेहऱ्यावर सफेतीचा थर, कमरेला आईच्या पातळाचा काठ सेफ्टी पिनांनी टाचलेला, आणि रात्री अकराला रंगलेला मी पहाटे तीनपर्यंत विंगेत ताटकळत बसलेला. साप चावून मरायचा प्रवेश आला. मी पडलो आणि खरोखरच झोपलो. तारामती झालेल्या काकांनी टाहो फोडून मला उचललं तेव्हा दचकून "आये!" म्हणून ओरडलो, आणि अख्ख्या मांडवाने मेलेल्या रोहिदासाला टाळ्या दिल्या. मला एकही पद नव्हतं, तरी ही गत. नारदाला तर ऑर्गन सुरू झाला की त्याच सुरात तोंड उघडायचं असतं, तेही न चुकता. ती जागा तालमीशिवाय निभावली, कारण पदं घरात रोज कानावर पडत होती. त्या मुलीची तालीम वर्षानुवर्षं चाललीच होती, कुणी तिला तालीम म्हटलं नव्हतं एवढंच.

७. शाळेत एकच दिवस गेल्या, हे खरं का?

त्या तसंच सांगत. धाकट्या आशाला कडेवर घेऊन शाळेत गेल्या, मास्तरांनी बाळाला आणायला मनाई केली, आणि राग येऊन परत आल्या त्या कायमच्या. दुसऱ्या एका सांगण्यात त्या वर्गातल्या मुलांना गाणं शिकवू लागल्या म्हणून ओरडा बसला. दोन्ही गोष्टी फिरतात, तुम्हाला आवडेल ती घ्या. वाचायला लिहायला त्या घरीच शिकल्या.

८. पहिलं गाणं कोणतं? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं.

कारण "पहिलं" हा शब्द एकटा काही सांगत नाही. कशातलं पहिलं, ते आधी ठरवा.

रंगमंचावरचं पहिलं गाजलेलं पद म्हणजे नारदाचं (प्रश्न ६). मैफल म्हणाल तर १९३८, सोलापूर. वडिलांच्या कार्यक्रमात त्यांनी आधी खंबावती राग आणि नाट्यपदं म्हटली. मग वडील गायला बसले आणि ही त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मंचावरच झोपली. रेडिओवर मुंबई केंद्रावरून डिसेंबर १९४१ मध्ये गायल्या.

चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झालेलं पहिलं गाणं 'नाचू या गडे, खेळू सारी', १९४२ च्या 'किती हसाल'साठी. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, संगीत सदाशिवराव नेवरेकरांचं. वडिलांना सिनेमातलं गाणं मुळात पसंत नव्हतं, कशीबशी परवानगी मिळाली. पुढे ते गाणं चित्रपटातून गाळलं गेलं. "ते कुठे ऐकायला मिळेल?" असं मला महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतं. मिळणार नाही. त्या नावाने जे ऐकवतात ते दुसरंच काहीतरी असतं.

पडद्यावर पोचलेलं पहिलं गाणं 'नटली चैत्राची नवलाई', 'पहिली मंगळागौर' मधलं, १९४२, संगीत दादा चांदेकर. वाढदिवसाच्या लेखात "पहिलं चित्रपटगीत" म्हणून हेच द्यावं असं माझं मत.

पहिलं हिंदी गाणं मात्र मराठी चित्रपटात आहे: 'गजाभाऊ' मधलं 'माता एक सपूत की दुनिया बदल दे तू'. हिंदी चित्रपटातलं पहिलं पार्श्वगायन 'पा लागूं कर जोरी रे', चित्रपट 'आप की सेवा में', संगीत दत्ता डावजेकर आणि दिग्दर्शक पुन्हा वसंत जोगळेकर. या चित्रपटाचं साल कुठे १९४६ तर कुठे १९४७ दिसेल, त्यावरून भांडू नका.

आणि लोकांनी लक्ष दिलं असं पहिलं गाणं? 'मजबूर' मधलं 'दिल मेरा तोडा', १९४८, संगीतकार गुलाम हैदर. त्यानंतरच्या वर्षी 'महल' आला आणि 'आयेगा आनेवाला' घरोघरी गेलं. गंमत म्हणजे त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लोक विचारत राहिले, ही कामिनी कोण?

९. वडील गेले तेव्हा वय बारा की तेरा?

बारा पूर्ण, तेरावं चालू. २८ सप्टेंबर १९२९ ते २४ एप्रिल १९४२, हिशेब करून पाहा. जुन्या पद्धतीने "तेराव्या वर्षी" लिहिलेलं पुढे कुणीतरी "तेरा वर्षांची असताना" केलं आणि तेच रूढ झालं. पाठीवर चौघं: मीना, आशा, उषा आणि साडेचार वर्षांचा हृदयनाथ.

१०. मास्टर विनायक त्यांचे नातेवाईक होते का?

नाही, कुटुंबाचे स्नेही. मास्टर विनायक म्हणजे विनायक कर्नाटकी, कोल्हापूरचे नट आणि दिग्दर्शक, अभिनेत्री नंदा यांचे वडील. 'पहिली मंगळागौर' नवयुग चित्रपटचा, तिथे काम मिळालं ते त्यांच्यामुळे. मग त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली तेव्हा लताबाई तिथे मासिक पगारावर लागल्या. १९४५ मध्ये कंपनीने मुंबई गाठली आणि मागोमाग मंगेशकरही. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायक गेले. आधाराचा दुसरा खांब पडला तो असा, पाच वर्षांत.

११. अभिनय त्यांना आवडायचा का?

मुळीच नाही, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. तोंडाला रंग लावायचा, दिव्यांच्या उकाड्यात उभं राहायचं, सांगितलं की हसायचं आणि सांगितलं की रडायचं. पहिल्याच चित्रपटात भुवया दाट दिसतात म्हणून त्या कोरल्या, कपाळावरचे केस कापले. घरी येऊन रडल्याचं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. वडिलांना जाऊन थोडाच काळ लोटलेला, आणि चित्रपट मंगळागौरीचा: नटायचं, फुगड्या घालायच्या, आनंदी दिसायचं.

१९४२ ते १९४८ या काळातल्या त्यांच्या भूमिका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच: 'माझे बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ', 'बडी माँ', 'सुभद्रा' वगैरे. बहुतेक नायिकेची बहीण, मैत्रीण, घरातली मुलगी. पार्श्वगायनावर घर चालेल असं दिसताच त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

तेव्हा "बालतारका" हा शब्द मला त्यांच्यासाठी जड जातो. तारका म्हणावं असं नाव पडद्यावरच्या छोट्या लताचं नव्हतं.

१२. आशाताईंचं पहिलं गाणंही याच काळातलं का?

हो. 'चला चला नव बाळा', १९४३ च्या 'माझे बाळ' मधलं, संगीत दत्ता डावजेकर. आशाताई तेव्हा दहाच्या आतबाहेर (जन्म ८ सप्टेंबर १९३३). म्हणजे दोघी बहिणींच्या सुरुवातीत एकाच वर्षाचं अंतर आणि धनीही एकच, मास्टर विनायक.

१३. नूरजहाँसमोर गायल्याची गोष्ट खरी?

खरी. 'बडी माँ'ची (१९४५) नायिका नूरजहाँ, आणि लता व आशा यांना त्यात छोटी कामं. विनायकांनी "ही दीनानाथांची मुलगी, गाते" म्हणून ओळख करून दिली आणि गायला सांगितलं. बाईंनी कौतुक केलं. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत नूरजहाँची छाया दिसते असं म्हणतात, ते 'मजबूर' पर्यंतची गाणी ओळीने ऐकली तर पटतं.

१४. "आवाज फार बारीक" म्हणून नाकारलं, ते याच वयात का?

नाही, तेव्हा त्या अठराच्या पुढे होत्या. निर्माते शशधर मुखर्जींना 'शहीद'च्या वेळी तो आवाज पातळ वाटला आणि गुलाम हैदरांनी चिडून 'मजबूर'मध्ये संधी दिली. बालपणाच्या यादीत हा प्रसंग घालू नका. बाकी प्रश्न ८ मध्ये आहे.

१५. कोकणातून अशा आणखी मुली आल्या का?

आल्या, आणि लताबाईंच्या आधी आल्या. मोगूबाई कुर्डीकर १९०४ च्या, सांग्याकडच्या कुर्डीच्या. त्यांनी पोरवयात नाटक मंडळ्यांतून कामं केली आणि मग अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकल्या. त्यांचं गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती वर येतात, गावचे लोक तेव्हा जाऊन येतात. ज्योत्स्नाबाई भोळे मंगेशीजवळच्याच बांदिवड्यातल्या, जन्म १९१४. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' करून त्यांनी स्त्रीपार्टी नटांच्या काळात स्त्रीने स्त्रीची भूमिका करणं रुळवलं.

"पाणीच तसं आहे इथलं" हे दुकानातलं ठरलेलं उत्तर. खरं कारण पाण्यात नाही. या मुलींच्या आया, आज्या देवळांत गात होत्या आणि गाणं हेच घरचं काम होतं. सुताराच्या घरात मुलाच्या हाती रंधा लवकर येतो, तसंच. त्या बायकांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत. येसूबाईंचं नाव राहिलं ते मुलामुळे आणि नातींमुळे.

१६. त्या काळात लताबाई मंगेशीला राहिल्या होत्या का? घर बघायला मिळेल का?

त्यांचं बालपणीचं बिऱ्हाड शोधायचं तर सांगलीला जा. इथे दाखवावं असं लताबाईंचं घर नाही. कुणी रिक्षावाला "हेच ते" म्हणून नेऊ लागला तर हसून नको म्हणा.

मंगेशीला यायचंच तर सोमवारी संध्याकाळी या. आरतीच्या आधी पालखी निघते, वाजंत्री असते, सात मजली दीपस्तंभाला वळसा पडतो. दीनानाथांनी पहिल्यांदा सूर ऐकले असतील ते याच आवारात. पणजीहून वीसबावीस किलोमीटर, फोंड्याची बस धरा. वळेसर आधीच घेऊन ठेवा, सोमवारी ते लवकर संपतात.